लिफ्टशिवाय स्की आणि स्नोबोर्ड: पहिल्या साधनसंचात पैसे कुठे घालावेत?

चढणवाट

नमस्कार. गेली सहा वर्षे मी लिफ्ट असलेल्या, राखलेल्या उतारांवर स्की करतो आहे आणि माझा धाकटा भाऊ जवळपास तितकीच वर्षे स्नोबोर्ड चालवतो आहे. उतरण्यात आम्ही दोघेही बऱ्यापैकी सरावलेलो आहोत आणि भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फातही फारसे अडखळत नाही. मात्र स्वतःच्या पायांनी चढून जाऊन मग उतरण्याचा, म्हणजे बॅककंट्रीचा, अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही. येत्या हंगामात हिमस्खलनाविषयीचा प्राथमिक अभ्यासवर्ग करावा आणि त्यानंतर जाणत्या सोबत्यांबरोबर लहान चढाया कराव्यात, असा आमचा विचार आहे. दिवसाला सहाशे ते नऊशे मीटरची चढण, दोन-तीन उतार आणि उजेड असेपर्यंत परत, एवढेच उद्दिष्ट आहे. उंच शिखरे, दोरावरची चढाई किंवा शर्यती यांपैकी काहीही मनात नाही.

साधनांविषयी वाचू लागलो तेव्हा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढत गेला. माझ्याकडे रिसॉर्टमध्ये वापरायच्या स्की आणि बूट आहेत. त्यांच्यावरच फ्रेम बाइंडिंग (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड; फ्रेमची पकड बुटाखाली चौकटीसारखी असते) बसवून पहिला हंगाम काढावा, असे एक जण सुचवतो, तर दुसरा म्हणतो की ते पैसे पाण्यात जातील. पिन बाइंडिंग, म्हणजे बुटाचे टोक दोन पिनांनी धरणारे, पडताना नीट सुटत नाही असेही ऐकले आहे, आणि त्यामुळे गुडघ्याची काळजी वाटते. भावापुढचा प्रश्न असा की स्प्लिटबोर्ड (चढताना दोन भागांत सुटणारा बोर्ड) घ्यावा, की आहे तोच बोर्ड पाठीवर बांधून स्नोशूंवर, म्हणजे बर्फावर चालायच्या रुंद जोड्यांवर, चढावे. शिवाय बीकन (गाडले गेल्यास सापडावे म्हणून संकेत पाठवणारे आणि शोधणारे यंत्र) आणि एअरबॅग (हिमस्खलनात फुगवायची पाठीवरची पिशवी) वापरलेल्या स्वरूपात घ्याव्यात का, हेही ठरवायचे आहे. सर्व काही एकाच वर्षी उत्तम प्रतीचे घेणे आम्हाला शक्य नाही. म्हणून कुठे हात आखडता घेतला तर चालेल आणि कुठे मुळीच चालणार नाही, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

मोकळी टाच

आपल्या प्रश्नाचा क्रम मी थोडा उलटा करतो. आपण स्कीपासून सुरुवात केली आहे, आणि नव्याने येणारे बहुतेक जण तेच करतात, कारण दुकानात सर्वांत आधी नजरेत भरते ती स्कीच. परंतु माझ्या मते आधी बूट, मग बाइंडिंग आणि सर्वांत शेवटी स्की, असा क्रम असावा. स्की थोडी चुकीची निवडली तर उतरण्याची मजा थोडी कमी होते. बूट चुकला तर दुसऱ्या तासाला टाचेला फोड येतो आणि तो दिवस, किंबहुना त्यापुढचा आठवडाही, हातचा जातो.

टूरिंगच्या, म्हणजे स्वतः चढून उतरण्याच्या, दिवसात वेळ कसा खर्च होतो ते पाहा. आठशे मीटर चढायला नवख्या गटाला अडीच-तीन तास सहज लागतात आणि तोच उतार उतरायला थांबत थांबतही अर्धा तास पुरतो. म्हणजे बूट घालून आपण जो काळ घालवणार आहात, त्यातला बहुतेक काळ चालण्याचा आहे. रिसॉर्टचा बूट नडगीला घट्ट धरून ठेवतो आणि उतरताना तेच हवे असते, पण चालताना घोटा मागेपुढे हलला नाही तर प्रत्येक पावलाला मांडी आणि कंबर यांवर ताण येतो. टूरिंगच्या बुटाला मागच्या बाजूला एक कळ असते. ती उघडली की नडगीचा भाग मोकळा होतो आणि चांगल्या बुटात एकूण हालचाल पन्नास-साठ अंशांपर्यंत मिळते. कळ बंद केली की तोच बूट उतरण्यापुरता कडक होतो.

बूट निवडताना त्यावर लिहिलेल्या कडकपणाच्या आकड्यावर फार विसंबू नये. हा आकडा सर्व उत्पादकांसाठी एका मापाने ठरलेला नसल्यामुळे एका कंपनीचा ११० दुसऱ्या कंपनीच्या १३० इतका कडक असू शकतो. त्यापेक्षा आतला मऊ भाग काढून नुसत्या कवचात पाय घालून पाहावा. बोटे पुढे टेकवल्यावर टाचेमागे साधारण एक ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप योग्य समजावे. रिसॉर्टच्या बुटात मी एक सेंटिमीटरच्या जवळ राहतो, टूरिंगच्या बुटात थोडी अधिक सैल जागा सोडतो, कारण तासन्‌तास चढल्यावर पाय सुजतो. आतला भाग उष्णतेने पायाच्या आकाराप्रमाणे बसवून घेता येतो, आणि बूट नीट बसवून देणारा कारागीर जवळ असेल तर केवळ त्या सोयीसाठी थोडे जास्त पैसे देण्याची माझी तयारी असते.

आता वजन. पायावरचे वजन पाठीवरच्या वजनापेक्षा फार जास्त जाणवते, हे सगळेच सांगतात. मी एकदा कागदावर हिशोब मांडून पाहिला होता. आठशे-हजार मीटर चढताना प्रत्येक पाय साधारण तीन-चार हजार वेळा पुढे जातो. एका पायावरचे वजन अर्धा किलोने कमी केले तर त्या पायाने दिवसभरात दीड-दोन टन कमी ओढलेले असते. स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) लावलेली स्की उचलायची नसते, सरकवायची असते, त्यामुळे हा हिशोब अगदी काटेकोर नाही, तरी संध्याकाळी पाय तो बरोबर मानतात.

आपल्या फ्रेम बाइंडिंगच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. त्यात बुटासकट संपूर्ण चौकट दर पावलाला उचलली जाते. एकेका बाइंडिंगचे वजन सव्वा किलोच्या आसपास, त्याखाली रिसॉर्टची जड स्की आणि त्यात न वाकणारा बूट. हे घेऊन चढता येत नाही असे नाही, मी स्वतः पहिला हंगाम तसाच काढला. परंतु गटात मी नेहमी शेवटचा असे, थकून माथ्यावर पोचे आणि उतरताना थकलेल्या पायांनी पडे. त्या बाइंडिंगवर घातलेले पैसे पुढच्या वर्षी निम्म्यानेही परत मिळाले नाहीत. तेवढ्या पैशांत सुरुवातीचे काही दिवस पूर्ण टूरिंग संच भाड्याने घेतला असता तर मला काय हवे आहे तेही कळले असते.

पिन बाइंडिंगची मूळ कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात साकारली. आज बहुतेक टूरिंग बाइंडिंगे त्याच तत्त्वावर चालतात. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूचे खळगे असतात, त्यांत बाइंडिंगच्या दोन पिना बसतात आणि बूट त्या पिनांभोवती फिरतो. टाच पूर्ण मोकळी राहते, चौकट उचलावी लागत नाही. शर्यतीची बाइंडिंगे शे-दीडशे ग्रॅमची असतात. आपल्यासाठी ३०० ते ६०० ग्रॅमची, ब्रेक असलेली आणि सुटण्याचे मूल्य, म्हणजे किती जोराला बूट सुटावा तो आकडा, बदलता येणारी योग्य होतील.

सुटण्याविषयीची आपली शंका निराधार नाही. रिसॉर्टच्या बाइंडिंगमध्ये बूट आडवा सुटतो तो पुढच्या भागातून. पारंपरिक पिन बाइंडिंगमध्ये आडवे सुटणे मागच्या भागातून घडते आणि धक्का शोषून बूट पुन्हा मध्यावर आणण्याची क्षमताही कमी असते. शिवाय चढताना पुढची कळ ओढून पिना घट्ट बंद केल्या, तर बाइंडिंग जवळपास सुटतच नाही. उतरण्यापूर्वी ती कळ मोकळी करायला विसरणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. सुटण्याचे मूल्य स्वतःच्या अंदाजाने लावू नये. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ते तंत्रज्ञाकडून लावून घ्यावे.

स्कीबद्दल मात्र थोडक्यात. मध्यभागी ९० ते १०० मिलिमीटर रुंद, दर स्की १३०० ते १६०० ग्रॅम वजनाची, आपल्या उंचीइतकी किंवा पाच-दहा सेंटिमीटर आखूड. अतिशय हलकी स्की कडक, ओबडधोबड बर्फावर थरथरते आणि नवख्याला घाबरवते. वापरलेली स्की घ्यायला हरकत नाही, फक्त आधीच्या बाइंडिंगची भोके किती आणि कुठे आहेत ते पाहावे.

उभी रेघ

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, मात्र जड बाइंडिंगविषयीचा निकाल मला थोडा घाईचा वाटतो. प्रश्नकर्त्यांनी रिसॉर्ट सोडणार असल्याचे कुठेही म्हटलेले नाही. ज्याचे हंगामातले वीस दिवस लिफ्टवर आणि सहा दिवस चढणीवर जाणार आहेत आणि ज्याला एकच संच परवडणार आहे, त्याच्यासाठी मधला मार्ग उपलब्ध आहे. २०१८ मध्ये सॉलोमनने शिफ्ट हे बाइंडिंग बाजारात आणले. त्यात चढताना पिना वापरायच्या आणि उतरताना पुढचा भाग बदलून रिसॉर्टच्या बाइंडिंगसारखा बूट पकडायचा, त्यामुळे सुटणेही त्याच पद्धतीचे मिळते. वजन एका पायाला नऊशे ग्रॅमच्या जवळपास आहे, म्हणजे फ्रेमपेक्षा बरेच कमी, आणि चौकट उचलण्याची कटकट नाही. त्यानंतर इतर उत्पादकांनीही अशी मिश्र बाइंडिंगे काढली. त्यांच्यात हलणारे भाग अधिक असतात, बर्फ अडकतो, जोडणी नाजूक असते. हे दोष मान्य करूनही, गुडघ्याची काळजी असलेल्या माणसाला मी तेच सुचवीन.

एक सूचना आणखी. टूरिंगचा बूट कोणत्याही जुन्या रिसॉर्ट बाइंडिंगमध्ये घालू नये. रिसॉर्टच्या बुटाचा तळवा आयएसओ ५३५५ या मानकाप्रमाणे गुळगुळीत आणि ठरावीक उंचीचा असतो, तर टूरिंगच्या बुटाचा, आयएसओ ९५२३ प्रमाणे, रबरी आणि वळणदार असतो. तो जुन्या बाइंडिंगमध्ये कसाबसा बसतो खरा, पण पडताना रबर घसरत नाही आणि बाइंडिंग वेळेवर सुटत नाही. काही हलक्या बुटांचे तळवे तर या दोन्ही मानकांत बसत नाहीत आणि फक्त पिन बाइंडिंगमध्येच चालतात. बाइंडिंग कोणकोणते तळवे स्वीकारते हे उत्पादकाच्या माहितीत लिहिलेले असते आणि ते वाचूनच जोडी जमवावी.

मोकळी टाच

वीस आणि सहा असे प्रमाण असेल तर मीही मिश्र बाइंडिंगच घेईन. माझे उत्तर केवळ चढणीसाठी वेगळा संच घेणाऱ्याला लागू आहे, हे मी आधीच स्पष्ट करायला हवे होते. बूट आधी, या मतावर मात्र मी ठाम आहे.

स्किनविषयी लिहायचे राहिले. अंगोरा शेळीच्या केसांची, म्हणजे मोहेरची, स्किन चांगली सरकते आणि हलकी असते. नायलॉनची जास्त धरते आणि जास्त टिकते. नवख्याने दोन्हींचे मिश्रण असलेली घ्यावी. ती स्कीच्या पूर्ण रुंदीची असावी आणि दोन्ही बाजूंच्या धातूच्या कडा एक-दोन मिलिमीटर उघड्या राहतील अशी कापावी, नाहीतर आडव्या कडक उतारावर कड बर्फात रुतत नाही. थंडी कडक असेल तेव्हा दोन उतारांच्या मध्ये स्किन पिशवीत न ठेवता जाकिटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवावी. एका कडाक्याच्या सकाळी मी ती पिशवीच्या बाहेरच्या खिशात कोंबली होती. दुसऱ्या चढणीला तिच्या गोंदावर बर्फाचा थर बसलेला होता आणि पुढचे दोन तास मी ती स्कीला पट्ट्यांनी बांधून चढत होतो. तेव्हापासून सिलिकॉनचे दोन पट्टे माझ्या पिशवीत कायम असतात. तुटलेले बाइंडिंग, मोडलेली काठी किंवा जखमी पायाला लावायची कामचलाऊ फळी, या सगळ्यांना तेच उपयोगी पडतात.

अर्धी फळी

मी स्नोबोर्डवाला असल्यामुळे आपल्या भावाच्या प्रश्नापुरते बोलतो.

स्नोशू स्वस्त आहेत आणि आहे तोच बोर्ड चालतो, हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. एखाद्या छोट्या टेकाडावर वर्षातून दोनदा जायचे असेल तर तेवढ्यावर भागते. आपण लिहिल्याप्रमाणे सहाशे ते नऊशे मीटर चढायचे आणि तेही स्की लावलेल्या भावाबरोबर, असे असेल तर मात्र स्नोशू लवकरच भांडणाचे कारण होतील. स्कीवर पाऊल पुढे सरकते. स्नोशूवर प्रत्येक पाऊल उचलून टाकावे लागते आणि खोल बर्फात ते रुतते. पाठीवर उभा बांधलेला बोर्ड वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि झाडीत फांद्यांना अडकतो. त्यात भर म्हणजे स्कीवाल्यांनी पाडलेल्या गुळगुळीत वाटेवर स्नोशूंचे खड्डे पडले की मागून येणारे मनातल्या मनात काय म्हणतात ते मी येथे लिहीत नाही.

स्प्लिटबोर्ड म्हणजे लांबीतून दोन भाग होणारा बोर्ड. चढताना दोन भाग दोन स्कींप्रमाणे वापरायचे, त्यांना स्किन लावायच्या, आणि वर पोचल्यावर भाग जोडून, बाइंडिंग आडवे फिरवून बसवून उतरायचे. अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रेट कोबर्निक यांनी ही कल्पना आकाराला आणली आणि १९९४ मध्ये तिथल्याच व्होइले कंपनीने आपला बोर्ड आपणच कापून स्प्लिट करण्याचा संच विक्रीला काढला. त्या काळी लोक खरोखरच घरी करवतीने बोर्ड कापत असत. आज तसे करण्याचे कारण उरलेले नाही, कारण कापलेल्या आतल्या बाजूला धातूची कड नसते आणि कडक बर्फावर चढताना ती लागते.

निवडीत मी पैशांचे वजन बाइंडिंगच्या पारड्यात टाकीन. साधा, मध्यम कडकपणाचा, भाऊ आत्ता वापरतो त्याच लांबीचा किंवा दोन-तीन सेंटिमीटर लांब स्प्लिटबोर्ड चालेल; पाठीवर पिशवी असते आणि बर्फ मऊ असतो, म्हणून ही थोडी जास्त लांबी. परंतु नेहमीचे बाइंडिंग अडॅप्टर पट्टीवर बसवण्याची युक्ती टाळावी. पायाखाली उंची वाढते, वजन वाढते आणि पट्टीत खेळ राहिल्यामुळे बोर्ड उशिरा प्रतिसाद देतो. खास स्प्लिटबोर्डसाठी बनवलेले बाइंडिंग बोर्डवरच्या गोल ठोकळ्यांवर थेट सरकते आणि घट्ट बसते. वापरलेला बोर्ड घेत असाल तर मधल्या फटीकडे पाहा. दोन्ही भाग जोडून हातांनी पिळून बघितल्यावर ते एकमेकांवर वरखाली सरकत असतील तर भाग जोडणाऱ्या आकड्यांची (हुकांची) झीज झालेली आहे. आकडे बदलता येतात, पण ठोकळ्यांखालचे स्क्रू फिरत राहत असतील तर तो बोर्ड घेऊ नये.

बूट मऊ असले तरी चालतील, तळवा मात्र चांगला धरणारा हवा. मऊ बूट आडव्या, गोठलेल्या उतारावर बाजूला कलतात आणि कड सुटते. स्कीवाला ज्या ठिकाणी सहज पार होतो, तेथेच स्नोबोर्डवाल्याचा जीव वरखाली होतो. म्हणून बाइंडिंगला लावायचे दाते, म्हणजे स्प्लिटबोर्ड क्रॅम्पॉन, पहिल्याच खरेदीत घ्यावेत. मी ते पहिल्या वर्षी घेतले नव्हते. एका वसंतातल्या सकाळी माझे सोबती वर पोचून अर्धा तास थांबले होते आणि मी शंभर मीटरचा तुकडा बूट ठोकत पायी चढत होतो.

आपल्यासाठीही हे लागू आहे: स्कीचे क्रॅम्पॉन बाइंडिंगच्या बनावटीप्रमाणे आणि स्कीच्या मधल्या रुंदीप्रमाणे वेगवेगळे मिळतात, त्यामुळे स्की व बाइंडिंग घेतानाच ते जोडीने घ्यावेत.

भावाने घडी होणाऱ्या तीन भागांच्या काठ्या घ्याव्यात, म्हणजे उतरताना त्या पिशवीत जातील. मार्ग आखतानाही उतारावरचे सपाट तुकडे टाळावेत. स्कीवाला काठ्यांनी ढकलत निघून जातो आणि आम्हाला बोर्ड सोडून चालावे लागते.

शेवटी एक गंभीर बाब. स्नोबोर्डचे बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही. हिमस्खलनात सापडल्यास बोर्ड पायाला तसाच राहतो आणि नांगरासारखा खाली ओढतो. यावर पुरेसा उपाय साधनांत नाही. उतार निवडतानाच अधिक सावध राहायचे, एवढेच करता येते.

खणती

बचावाच्या साधनांबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हात आखडता घेऊ नये अशी जागा आपण विचारली आहे आणि ती हीच आहे.

बीकन, प्रोब (गाडलेल्याची नेमकी जागा कळण्यासाठी बर्फात खुपसायची घडीची लांब काठी) आणि फावडे ही तीन साधने दोघांकडेही, स्वतंत्रपणे, पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. बीकन आपण स्वतःसाठी घेतो असे वाटते, परंतु आपले प्रोब आणि फावडे प्रत्यक्षात भावाच्या कामी येणार आहेत आणि त्याची आपल्या. त्यामुळे एकाने चांगले आणि दुसऱ्याने जेमतेम घ्यावे अशी काटकसर येथे उलटते: ज्याचे फावडे मोडके, त्याचा सोबती गाडलेला राहतो. वेळ किती असतो याची कल्पना असावी म्हणून सांगतो. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या काळातील नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहात नऊ जण जगतात; तिसाव्या मिनिटापर्यंत हे प्रमाण दहात तिनाच्या आसपास उतरते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ बहुधा निघून गेलेली असते. जे काही करायचे ते तेथे हजर असलेल्या सोबत्यांनीच.

आजचे सर्व बीकन ४५७ किलोहर्ट्झ या एकाच आंतरराष्ट्रीय वारंवारितेवर चालतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे बीकन एकमेकांना शोधू शकतात. तीन अँटेना असलेला डिजिटल बीकनच घ्यावा आणि त्यात एकाहून अधिक गाडलेल्यांपैकी सापडलेल्याचा संकेत बाजूला ठेवण्याची सोय असावी. यापलीकडची महाग वैशिष्ट्ये नवख्याच्या फारशी उपयोगाची नसतात. वापरलेला बीकन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो किती वेळा आपटला आहे हे बाहेरून दिसत नाही, आत गळलेल्या बॅटरीने संपर्कबिंदू खराब झालेले असू शकतात आणि जुन्या यंत्रांची वारंवारिता हळूहळू सरकलेली असते, ज्यामुळे दुसऱ्याला ते दुरून सापडत नाही. नवा घेतल्यावरही त्याच्या प्रणालीचे अद्ययावतीकरण आणि उत्पादकाने परत मागवलेल्या मालिका तपासाव्यात. बॅटऱ्या उत्पादकाने सांगितल्या असतील त्याच घालाव्यात. अल्कलाइन सांगितल्या असताना पुनर्भारित होणाऱ्या घातल्या तर उरलेल्या शक्तीचा आकडा चुकीचा दिसतो.

फोन, कॅमेरा, तापणारे हातमोजे आणि चुंबकाची बटणे बीकनमध्ये अडथळा आणतात. प्रसारण चालू असताना या वस्तू किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवाव्यात. फोन बीकनशेजारच्या छातीच्या खिशात ठेवणारे मला अजूनही दर वर्षी भेटतात.

प्रोब २४० सेंटिमीटरपेक्षा आखूड नको. २८० ते ३०० उत्तम. कार्बनची हलकी असते, पण दगडासारख्या घट्ट झालेल्या हिमराशीत ॲल्युमिनियमची अधिक सरळ जाते, शिवाय स्वस्तही असते. फावड्याचे पाते धातूचेच हवे. थांबलेले हिमस्खलन काही मिनिटांत असे घट्ट बसते की प्लास्टिकचे पाते वाकते किंवा तडकते. दांडा लांब होणारा आणि मूठ जाड हातमोजा घालूनही धरता येईल एवढी मोठी असावी. बचावात सर्वांत जास्त वेळ शोधण्यात जात नाही, खणण्यात जातो. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर किंवा त्याहून अधिक बर्फ हलवावा लागतो, हे एकदा स्वतः खणून पाहिल्याशिवाय पटत नाही.

कपड्यांत शिवलेला रेक्को परावर्तक म्हणजे बीकन नव्हे, हेही येथे सांगून ठेवतो. तो शोधायला बचावपथकाचे वेगळे यंत्र लागते. सोबत्याच्या बीकनला तो दिसत नाही.

एअरबॅगचा क्रम यानंतरचा. घुसळल्या जाणाऱ्या कणांमध्ये मोठे कण वर येतात या तत्त्वावर ती माणसाला पृष्ठभागाजवळ ठेवते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गंभीररीत्या सापडलेल्यांमधले मृत्यूचे प्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेले दिसले. म्हणजे उपयोग निश्चित आहे. त्याच अभ्यासात पाचांपैकी एका वेळी एअरबॅग फुगलीच नव्हती, आणि त्यातली बरीच उदाहरणे ती फुगवण्याची मूठ न ओढल्याची होती. झाडांवर, खडकांवर किंवा घळीत नेऊन आपटणाऱ्या हिमस्खलनात तिचा लाभ कमी होतो. वजन दोन-तीन किलो वाढते. आपल्याला यंदा एअरबॅग आणि अभ्यासवर्ग यांतून एकच परवडत असेल तर अभ्यासवर्ग करावा. एअरबॅग दुसऱ्या वर्षी, विजेवर चालणाऱ्या पंख्याची घेतली तर मनाप्रमाणे फुगवून सराव करता येतो आणि विमानप्रवासात, इतर एअरबॅगांना लागणाऱ्या वायूने भरलेल्या नळकांड्याची, परवानगी मागत बसावे लागत नाही.

हेल्मेट निवडताना आतली चिठ्ठी पाहावी. ईएन १०७७ हे स्कीचे आणि ईएन १२४९२ हे गिर्यारोहणाचे मानक आहे. दोन्ही असलेली हलकी, हवेशीर हेल्मेट मिळतात आणि आपल्या कामासाठी तीच योग्य.

चढणवाट

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः मोकळी टाच आणि उभी रेघ यांच्यातील मतभेदामुळे माझा स्वतःचा प्रश्नच मला नीट कळला. मी हंगामातले निम्म्याहून अधिक दिवस लिफ्टवरच असणार आहे, त्यामुळे फ्रेम बाइंडिंगचा विचार सोडून टूरिंगचे बूट नवे घेईन, स्की वापरलेल्या शोधीन आणि त्यांवर मिश्र बाइंडिंग बसवून घेईन. भाऊ सुरुवातीला स्प्लिटबोर्ड भाड्याने घेऊन पाहणार आहे. बीकन, प्रोब आणि फावडे दोघांचेही नवे आणि एकाच बनावटीचे घेण्याचे ठरले, म्हणजे एकमेकांचे यंत्र हाताळतानाही अडचण येणार नाही. एअरबॅग यंदा नाही.

एक लहानशी शंका उरली आहे. पहिल्या प्रत्यक्ष चढाईआधी सपाट जागेवर नेमका कशाचा सराव करावा?

अर्धी फळी

बदलाचा. चढण्याच्या स्थितीतून उतरण्याच्या स्थितीत आणि पुन्हा उलट, हातमोजे न काढता, वाऱ्यात उभे आहोत असे समजून. भाऊ पहिल्या दिवशी वीस मिनिटे घेईल आणि आपण पाच. तो दहाच्या आत येईपर्यंत हे करत राहा. ठोकळ्यांमध्ये अडकलेला बर्फ खरवडायला प्लास्टिकची एक पट्टी त्याच्या खिशात असू द्या.

खणती

आणि त्याच जागेवर एक बीकन पिशवीत घालून बर्फात पुरा, भावाला पाठ करून उभे करा, आणि घड्याळ लावून त्याला शोधायला आणि खणायला सांगा. नंतर अदलाबदल करा. पुरलेला बीकन प्रसारण करतो आहे याची खात्री पुरण्यापूर्वीच करून घ्या. बंद यंत्र पुरून आम्ही एकदा पूर्ण दुपार ते खणून शोधण्यात घालवली आहे.